घोडीचा पोळा

आमच्या वस्तीवर सतरा घरं आहेत, ट्रॅक्टर नऊ आहेत आणि बैल एकही नाही. शेवटची जोडी चार-पाच वर्षांपूर्वी घोडेगावच्या बाजाराला गेली. त्या दिवशी सगळ्यांनी तोंडं पाडली. आठवड्याभरात ज्याने बैल विकले त्याच्याच दारात रोटाव्हेटर आला आणि सगळे तो बघायला गेले. मीही गेले आणि पेढाही खाल्ला.

बैल गेले तरी पोळा जात नाही. श्रावणातली अमावास्या आली की घरोघरी डाळ शिजते, पुरण वाटलं जातं, मातीच्या बैलांना गेरू लागतो. अडचण त्यानंतर येते. मातीच्या बैलाला नैवेद्य दाखवता येतो, भरवता येत नाही, आणि पोळ्याची पोळी जनावराच्या तोंडात गेल्याशिवाय आमच्याकडच्या बायकांना जेवण गोड लागत नाही. एकीने एका वर्षी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पोळी ठेवून पाहिली. ती कुत्र्याने पळवली आणि त्या बिचाऱ्या कुत्र्याने दिवसभर शिव्या खाल्ल्या. गाईंना घालावी, तर दारोदारच्या गाई दुभत्या. त्यांना गोड चारलं आणि दुसऱ्या दिवशी डेअरीवर फॅट लागली नाही तर काय घ्या. शिवाय पोळा हा कष्टकरी जनावराचा, ज्याच्या अंगावर ओझं चढतं त्याचा, असाही एक मुद्दा निघाला. असा सगळीकडून विचार झाल्यावर वस्तीची नजर आमच्या घोडीवर गेली. जिचं दूध डेअरीला जातं तिला मोजून आणि जिच्याकडून काहीच नको तिला मनापासून, अशी आमच्याकडची रीत आहे.

घोडी आमची म्हणजे माझ्या सासऱ्यांची. आम्ही त्यांना आबा म्हणतो. सहा वर्षांपूर्वी ते गाय बघायला म्हणून घोडेगावला गेले आणि टेम्पोतून पांढरी घोडी घेऊन आले. मी दारातच विचारलं, "आबा, गाय कुठे आहे?"

"गाय बघितली की," ते म्हणाले. "पन तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. हिनं बघितलं."

यावर सुनेने काय बोलावं? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा आवाज वस्तीच्या दुसऱ्या टोकाला जातो असं माझे यजमान म्हणतात आणि दुसऱ्या टोकाची माणसंही तेच म्हणतात. पण आबांपुढे हा आवाज कधी कामाला आला नाही, कारण ते भांडतच नाहीत. मान हलवतात, हसतात आणि त्यांना हवं तेच करतात. त्यांना आयुष्यात एक शब्द म्हणता आला नाही, तो म्हणजे 'नको'. पाहुण्याने तिसरा चहा पुढे केला तरी ते घेतात. विमावाल्याला त्यांनी दोनदा घरात जेवायला बसवलं आहे.

घोडीचं काम एवढंच की वस्तीवरचा प्रत्येक नवरदेव तिच्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला जायचा. त्याबद्दल आबा काही घेत नसत. वस्तीने मात्र ते उपकार तिच्या तोंडावाटे फेडायचं ठरवलं होतं. येणारा-जाणारा तिला गुळाचा खडा द्यायचा. भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी आबा स्वतः रोज सकाळी घालायचे. या सगळ्यामुळे ती चांगली गरगरीत झाली होती. मानेवर आयाळीच्या खाली चरबीची जाड कड आली होती, आणि आबा ती कड पाहुण्यांना हात लावून बघायला लावायचे. "रुबाब बघा," असं म्हणायचे.

पहिल्या वर्षी पोळ्याला एका घरची पोळी आली. दुसऱ्या वर्षी सात घरच्या आल्या. गेल्याच्या गेल्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी, सतराच्या सतरा घरं ताट घेऊन आमच्या फाटकाशी उभी राहिली. शेजारचे निवृत्त मास्तर ख्रिस्ती आहेत, त्यांच्याकडे पोळा नसतो. पण त्यांच्या बाईही पोळी लाटून घेऊन आल्या. "आमचाही मुलगा हिच्यावर बसूनच चर्चला गेला होता," त्या म्हणाल्या, आणि घोडीच्या कपाळाला त्यांनी कुंकवाऐवजी नुसता हात लावला. आबांनी घोडीच्या गळ्यात घुंगुरमाळ घातली होती, पाठीवर झूल टाकली होती. ते शेजारी उभे राहून प्रत्येकीला म्हणत होते, "घाला की, घाला. तिला लई आवडती." घोडीने कुणाचाही अपमान केला नाही.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

त्या दिवशी कोपरगावहून माझ्या नणंदेकडची दहा-बारा मंडळी जेवायला यायची होती. मी पहाटे उठून मोठं पातेलं भरून पुरण शिजवलं. ऐन अकरा वाजता फोन आला की त्यांच्याकडेच पाहुणे आले आहेत, आता दिवाळीला येऊ. मी फोनवर फार गोड बोलले आणि ठेवल्यावर अजिबात गोड बोलले नाही. संध्याकाळपर्यंत पोळ्या वाटून वाटून दमले, फ्रीज भरला, तरी अर्धं पातेलं पुरण उरलंच. एवढं अन्न टाकायचं कसं? आबा मारुतीच्या देवळात गेलेले होते. मी ते सगळं पुरण घमेल्यात काढलं, गव्हाणीपाशी नेलं आणि घोडीपुढे ठेवलं. तिने ते घमेलं असं चाटलं की घासायची गरज राहिली नाही. अन्न वाया गेलं नाही आणि मुक्या जिवाच्या तोंडी लागलं, एका घमेल्यात दोन पुण्यं, अशा समाधानात मी झोपले.

सकाळी घोडी मान खाली घालून उभी होती. आबांनी चंदी पुढे केली तर तिने तोंड फिरवलं. ती आल्यापासून असं पहिल्यांदा घडलं. ती पोटाकडे वळून बघत होती, आणि मागे जे पडलं होतं त्याला आंबूस वास येत होता. "अजीर्न झालंय," आबा म्हणाले आणि ओवा, हिंग आणि काळ्या मिठाचं पाणी करायला निघाले. मी शाळेत रजा कळवली आणि सरकारी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला.

डॉक्टर म्हणून आली ती एक तरुण मुलगी, स्कुटीवर, पाठीला सॅक. फाटकाशी जमलेल्या सात-आठ जणांनी तिच्याकडे आणि मग तिच्यामागे आणखी कुणी येतंय का तिकडे बघितलं. कुणी येत नव्हतं. तिने घोडीच्या पोटाला नळी लावून ऐकलं, हिरड्या बघितल्या, मानेवरची ती रुबाबाची कड चिमटीत धरली आणि कपाळाला आठी घातली.

"काल काय काय खाल्लं हिनं?" तिने विचारलं.

"सतरा घरच्या पोळ्या," मी म्हणाले.

"आणखी?"

सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या, आणि मीही हलवली. वर्गात एखादं पोर खोटं बोललं की मला त्याच्या कानांवरून कळतं. ते लाल होतात. त्या वेळी माझे कान काय करत होते ते मला बघता आलं नाही, पण गरम झाले होते एवढं नक्की. फाटकाशी बायका उभ्या होत्या. आदल्या दिवशी याच फाटकाशी मी त्यांच्यापैकी दोघींना सांगितलं होतं की एवढ्या पोळ्या बऱ्या नव्हेत. त्यांच्यादेखत अर्धं पातेलं पुरण तोंडातून निघेना.

डॉक्टरने घोडीच्या नाकातून लांब नळी घातली आणि बादलीभर तेलासारखं औषध पोटात सोडलं. इंजेक्शनं दिली. मग हात धुताना म्हणाली, "पोट येईल ताळ्यावर. मला भीती आहे ती पायांची."

"पायानं कुठं पोळी खाल्ली?" आबांनी विचारलं. त्यांनी ते अगदी मनापासून विचारलं होतं.

तिने न हसता समजावून सांगितलं. घोड्याचं पोट गवतासाठी केलेलं असतं. डाळ, गहू, गूळ एकदम फार गेलं की ते आतड्यात आंबतं, त्याचं विष रक्तात उतरतं आणि जाऊन बसतं खुरात. खुराच्या आत एक हाड असतं. ते खुराच्या भिंतीला एका पातळ थराने लटकलेलं असतं. तो थर सुजला की खूर काही फुगू शकत नाही, त्यामुळे आतल्या आत आग होते. थर सुटला तर सगळ्या घोडीचं वजन त्या हाडावर येऊन ते फिरतं, खाली सरकतं आणि शेवटी तळव्यातून बाहेर येतं.

"मंग?" आबा म्हणाले.

"मग तिला उभं राहता येत नाही, आबा. आणि आपल्याला तिचे हाल बघत बसता येत नाही."

आबा तिची सॅक घेऊन स्कुटीपर्यंत गेले. तिथे दोघं जरा वेळ बोलत उभे होते. मग ती हेल्मेट काढून परत आली आणि मला म्हणाली, "ताई, बर्फ मिळेल का? पुष्कळ लागेल. पुढचे दोन्ही पाय तीन दिवस, रात्रंदिवस, गुडघ्याच्या खालपर्यंत बर्फात ठेवायचे. मध्ये खंड नको."

आमच्या भागात असा बर्फ कुणाकडे असतो? मनमाड रस्त्यावरच्या रसवंतीवाल्याकडे. जो माणूस जगाला उसाचा रस पाजतो त्याच्याचकडून आम्ही गोडाच्या आजारावर बर्फ आणला, पोत्यात भुसा घालून, दिवसातून चार खेपा. घोडीचे पाय बुडवायला गाईंची रबरी टोपली आणली. त्यातलं एक फुटकं निघालं म्हणून माझा कपडे भिजवायचा टब गेला. यजमानांनी खेपा केल्या, आबा आणि मी आळीपाळीने पाण्यात हात घालून बर्फ वितळला का ते बघत बसलो. पुतळ्यासारखी उभी राहायची ती. आमचीच बोटं गारठली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बर्फ काढला आणि ती पुढचे पाय लांब करून, सगळा भार मागच्या पायांवर टाकून मागे रेलली. अंगणात तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की माणूस जसा टाचांवर येतो, तशी. आबा हळूच म्हणाले, "पाय भरले हिचे." डॉक्टर आली. तिने खुराच्या वर, सांध्यामागे बोट ठेवलं आणि मग माझं बोट धरून तिथेच ठेवलं. आतमध्ये शीर ठोके घालत होती, मोठमोठे. घोडीने माझ्याकडे मान वळवली आणि माझ्या पदराला नाक लावलं. तिला वाटलं असेल काहीतरी खायला आणलंय. मला त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

बर्फाने वाचवलं म्हणून एवढ्यावर आहे, असं डॉक्टर म्हणाली. आता तळव्याला मऊ आधार पाहिजे. खाली वाळू पाहिजे, हातभर जाड, आणि खुरांना थर्माकोल पाहिजे.

गणपती उद्यावर आले होते. थर्माकोलच्या मखरांवर बंदी येऊन वर्षं झाली, पण आमच्या माळ्यावर एक जुनं मखर चादरीत गुंडाळून ठेवलेलं होतं. खांब, कमान, वर कळस. टाकवत नाही म्हणून ठेवलेलं. यजमानांनी ते खाली काढलं आणि सुरी घेतली, तसे आबा मध्ये आले. "देवाच्या डोक्यावरचं जनावराच्या पायात?" ते म्हणाले. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी स्वतःच विचार केला. "त्याचं वाहन उंदीर हाय," ते म्हणाले. "जनावराचं दुखनं त्याला कळतंय." आणि त्यांनीच कमान गुडघ्यावर मोडली. खुराच्या मापाचे तुकडे कापले, चिकटपट्टीने घट्ट बांधले. सोनेरी कागद काढायचा राहून गेल्यामुळे घोडीच्या दोन्ही पायांत जरीकाठी चपला दिसत होत्या. दोन दिवसांत दबून सपाट झाल्या की नव्या. दहा दिवसांत सगळं मखर घोडीच्या पायाखाली गेलं.

मग सुरू झालं पथ्य. हरभरा बंद, गूळ बंद, हिरवा लसूणघास बंद. फक्त वाळलेलं गवत, तेही मोजून आणि तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून देऊन. गवतातसुद्धा साखर असते आणि ती पाण्यात निघून जाते, हे डॉक्टरने सांगितलं तेव्हा आबांनी माझ्याकडे असं बघितलं की ही बया आता काय काय ऐकायला लावणार. रोज सकाळी मी शाळेत जायच्या आधी ताणकाट्याला गवताचा भारा लटकवायचे, टाकीत बुडवायचे, पिळायचे. आबा बाजेवर बसून येणाऱ्याला दाखवायचे. "लोकांच्या सुना धुनं धुत्यात. आमची गवत धुती."

खरं काम मात्र फाटकाशी होतं. घोडी आजारी आहे ही बातमी पसरली आणि सगळी वस्ती तिला भेटायला येऊ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हाताने भेटत नाहीत. कुणाच्या मुठीत गुळाचा खडा, कुणाच्या पदराखाली बाजरीची भाकरी, कुणी चतकोर पोळी. "एका घासानं काय हुतंय, मॅडम?" हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं की झोपेतही उत्तर देऊ शकले असते. मी प्रत्येकीला उत्तर दिलंच. आपण सतरा जणी, प्रत्येकीचा एकच घास, आणि तो सगळा जातो एकाच पोटात. त्यावर प्रत्येक बाई म्हणायची, "व्हय, बाकीच्यांनी जरा इचार करायला पायजेल हुता." मी विचारून बघितलं, पोळ्याला जास्त पोळ्या घालणारं घर वस्तीवर एकही नव्हतं. शेजारच्या मास्तरांनी आपल्या सुंदर अक्षरात पाटी लिहून दिली, 'घोडीस कृपया काहीही खाऊ घालू नये'. फाटकाला ती बांधून मास्तर मागे वळले तेव्हा घोडी त्यांच्या मागच्या खिशाला तोंड लावत होती. खिशात गाजर होतं. "गाजर म्हणजे औषधच ना?" ते म्हणाले. मी गाजर जप्त केलं.

आबा या सगळ्यात काही कामाचे नव्हते. मी शाळेतून यायच्या आत कुणी आलं तर ते पाटीकडे बोट दाखवायचे, आणि समोरच्याने "आबा, एवढंसंच" म्हटलं की खाली बघायचे. म्हणून मी यजमानांना फाटकाला कुलूप लावायला लावलं. वस्तीवर मला तेव्हा काय म्हणत होते ते मला माहीत आहे. मी लोकांवर ओरडायची ती निम्मी त्यांच्यावर आणि निम्मी माझ्यावर असायची. पण ओरडणं ऐकणाऱ्याला हे कळायचं काही कारण नव्हतं. माझ्या पापाचा आवाज सगळ्यात मोठा होता एवढंच.

नवरात्राच्या सुमारास ती बसली. घोडी आडवी पडणं वेगळं. ही उठायचा प्रयत्न करायची, पुढचे पाय टेकायची आणि परत बसायची. डॉक्टरने शहरातून एकाला बोलावलं. तो गाडीतून एक्स-रेचं लहान मशीन घेऊन आला. चित्र लॅपटॉपवर दिसलं. खुराच्या आतलं हाड किंचित पुढे झुकलेलं होतं. तळव्यापर्यंत अजून अंतर होतं, पण फार नव्हतं. "परवापर्यंत स्वतः उठली तर पुढे जाऊ," डॉक्टर म्हणाली. "नाहीतर मी इंजेक्शन घेऊन येईन, आबा. तुम्ही मनाची तयारी ठेवा."

त्या दुपारी वस्तीवरच्या बायका आल्या. कुणाच्याही हातात काही नव्हतं. त्या फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या, आणि त्यांतली एक वयस्कर बाई डोळे पुसत म्हणाली, "आबा, आमच्या पोळीनं घात केला."

आबा वाळूत घोडीच्या मानेशी बसले होते. ते म्हणाले, "तुमच्या न्हाई, माझीच चूक हाय ती. तुमी परेमानं आनल्या. मालक म्हनून मी थांबवायचं हुतं. जनावर कुठं न्हाई म्हनतंय, आन् मालकबी न्हाई म्हनंना."

मी पाच हातांवर ओलं गवत हातात घेऊन उभी होते. ती माझी बोलायची वेळ होती. त्याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळाली नसती. मी गवत खाली ठेवलं आणि घरात निघून गेले. स्वतःचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. सत्तरी उलटलेला माणूस माझं पुरण स्वतःच्या पदरात घेत होता आणि मी ते घेऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली. का उठली ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरलाही नीट सांगता आलं नाही. औषध लागू पडलं, वाळूने आधार दिला, असं काही ती म्हणाली. आबा म्हणाले, "उपाशी ठिवली म्हनून चिडून उठली."

पुढे सगळं हळूहळू झालं. खूर वरून वाढत खाली येतो, नखासारखा. सुजलेला जुना भाग झडून जायला महिने लागतात. दर दीड महिन्याला नालबंद यायचा, डॉक्टर त्याला चित्र काढून दाखवायची आणि तो कानस घेऊन पुढचं टोक घासायचा. घोडी बारीक झाली. मानेवरची कड गेली. रुबाब गेला म्हणून आबांना पहिल्यांदा वाईट वाटलं, मग ते पाहुण्यांना बारीक मान हात लावून दाखवू लागले. गवत धुणं माझ्या अंगवळणी पडलं. फाटकाचं कुलूप निघालं, पण लोकांनी मला घाबरायचं काही सोडलं नाही.

होळीच्या आधी एका रविवारी डॉक्टर तिला डांबरी रस्त्यावर चालवून बघायला आली. घोडी कडक रस्त्यावर चालली. मग आखडत्या गोलात वळवली, तर पाय न आखडता वळली. डॉक्टरने शिरेवर बोट ठेवलं. ठोका लागेना, शोधावा लागला. "सुटलात," ती म्हणाली. "लग्नात नाचवायची नाही, नवरदेव बसवायचा नाही, चंदी जन्मात नाही. बाकी जगेल ती आता चांगली."

अंगणात आम्ही चहा प्यायला बसलो. घोडी कुंपणाशी उभी होती. मी बशी खाली ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. अर्धं पातेलं पुरण, घमेलं, सगळं. पहिल्या दिवशी विचारलंत तेव्हा मी लपवलं, असं म्हणाले. तुमचं औषध चुकलं असतं तर त्याला मी जबाबदार होते, असंही म्हणाले.

डॉक्टरने आबांकडे बघितलं. आबा चहात बघत होते.

"ताई, मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "आबांनी स्कुटीपाशी येऊन सांगितलं. देवळातून येताना त्यांनी घोडीला पुरणाचं घमेलं चाटताना बघितलं होतं. त्याच्यावरूनच तर मी बर्फ सांगितला. नुसत्या सतरा पोळ्यांना मी तीन दिवसांचा बर्फ सांगितला नसता."

मी आबांकडे वळले. "मग मला का बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तू शरमंनं तोंड लपवून घरात बसली असतीस," आबा म्हणाले. "मंग फाटकाला कोन हुतं? मी? माझ्यानं कधी कुनाला न्हाई म्हनवलंय का? घोडी वाचवायची तर वस्तीला आडवनारं मानूस लागत हुतं. तू लई चिडलेली हुतीस. म्हनलं, चिडू दे."

डॉक्टर हसायला लागली. मलाही हसू आलं असतं, पण ते यायच्या आत रडू आलं. मी कपबशा गोळा केल्या आणि आत ओट्याशी जाऊन उभी राहिले. नळ सोडून ठेवला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. बाहेर फाटक वाजलं. शेवटच्या घरची काकू होती. तिचा आवाज मी ओळखला. घोडी बरी झाली म्हणून गुळाची ढेप घेऊन आली होती. मी नेहमीसारखी बाहेर धावणार, तर डोळे पुसून होईनात. मग बाजेची करकर ऐकू आली आणि त्या दिवशी फाटकाशी आबाच उठून गेले. "नको," ते म्हणाले.